वहिनीच्या जीपमधला काटा

वहिनी,

परवा तुझं तेरावं झालं. लाडू कडक झाले होते, हे आधीच सांगून टाकते, कारण तू असतीस तर पहिली चौकशी त्याचीच केली असतीस. जेवायला आलेल्यांनी रीतीप्रमाणे तुझं कौतुक केलं. कुणी म्हणालं फार सोशिक होती, कुणी म्हणालं कधी कुणाला वर तोंड करून बोलली नाही. मी ताक वाढत होते, ते वाटीऐवजी कुणाच्या तरी लाडवावर ओतलं. तू आणि सोशिक! भर वरातीत सीटवर बूट घालून उभा राहिला म्हणून नवरदेवाला तू जीपमधून खाली उतरवलं होतंस आणि सीट पुसून दिल्याशिवाय त्याला परत चढू दिलं नव्हतंस. तो नवरदेव आता दोन मुलांचा बाप झालाय. परवा तोही जेवून गेला आणि तोही सोशिकच म्हणाला.

काट्याची गोष्ट मात्र कुणी काढली नाही. म्हणून ती मी तुलाच सांगते. तुला ती ठाऊक आहे, पण तू ती नेहमी चुकीची सांगायचीस. येईल त्याला म्हणायचीस, आमच्या वन्संनी जीपला घड्याळ बसवलं. घड्याळ नव्हे गं. टॅकोमीटर. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा काटा. आयटीआयत पोरांना वायरमनचं काम शिकवण्यात माझा जन्म गेला आणि माझ्या स्वतःच्या भावजयीने माझ्या कामाला घड्याळ म्हणावं, हे मी कितीदा मुकाट्याने गिळलं असेल.

आपलं घर खाडीच्या अंगाला आणि कलमं वर सड्यावर, कातळाच्या सपाटीला. मधली चढण म्हणजे नुसता जांभा. पावसाने कोरलेले खड्डे, दोन वळणं, आणि दुसऱ्या वळणावर असा उभा चढ की वर बघितलं तर रस्त्याऐवजी आभाळ दिसतं. दादाने ती जुनी पेट्रोल जीप लिलावात घेतली तेव्हा सगळे हसले होते. चारी चाकांना ताकद देणारी आहे, एवढं एकच तो सगळ्यांना सांगत सुटला होता. त्यानेच तुला चालवायला शिकवलं, आणि तो गेल्यावर त्या चढणीला फक्त तू उरलीस. फवारणीचं पाणी वर, खत वर, चिरे वर, आंबे खाली. वाडीतली बाळंतीण असो की सापाने चावलेला गडी असो, पावसात रस्ता तुटला की तुझीच जीप.

आणि तू चालवायचीस कानांनी. इंजिन कण्हायला लागलं की खालचा गिअर, किंचाळायला लागलं की वरचा. मीटर बघून गाडी चालवणाऱ्यांची तू चेष्टा करायचीस. भात शिजला ता वासानं कळतं, म्हणायचीस, घड्याळ लावून कोण शिजवतं? मी म्हणायचे, अगं, नाकच चोंदलं तर? त्यावर तुझं ठरलेलं उत्तर होतं. मग जेवायला दुसऱ्याकडं जावं.

नाक नाही चोंदलं, कान गेले. आधी देवळातली घंटा कमी ऐकू यायला लागली, मग फोन, मग मी. तुझ्या लेकाने, नितीनने, डोंबिवलीहून चांगलं महागाचं यंत्र आणून तुझ्या कानात बसवलं. घरात ते चालायचं. उघड्या जीपमध्ये बसलं की त्यात नुसता वारा घोंघावायचा आणि तू ते काढून ब्लाउजमध्ये खोचायचीस. तुला सोयीचं नसलेलं बोलणं मात्र यंत्र असूनही ऐकू येत नसे, हेही इथे लिहून ठेवते.

मग त्या थंडीत, कलमं मोहोराला आली असताना, दुसऱ्या वळणावर ते झालं. मागे पाण्याचं भरलेलं पिंप होतं. इंजिन गुदमरलं आणि गुदमरल्याचं तुला कळलंच नाही. गिअर पाडायची वेळ निघून गेली, जीप बंद पडली, मागे सरकली आणि कडेच्या दगडी गडग्याला जाऊन टेकली. गडग्याचे चार चिरे ढासळले, पिंप उलटलं, तू नखशिखांत भिजलीस, आणि लागलं कुणाला काहीच नाही. पण बातमी खाडी ओलांडायच्या आधी डोंबिवलीला पोचली. नितीनचा फोन आला. आई, जीप विकून टाक, फवारणीला टेम्पो सांगू. तू म्हणालीस, ऐकू येत न्हाय, ठेवते. त्याने तीनदा फोन केला आणि तीनदा तुला ऐकू आलं नाही.

मी रविवारी रत्नागिरीहून आले तेव्हा जीपची किल्ली देवाच्या फळीवर होती. तूच ठेवली होतीस. नितीनला काहीही म्हणालीस तरी तुला तुझीच भीती वाटली होती, हे मला ती किल्ली बघून कळलं. तू पडवीत बसली होतीस, हातात काही काम नव्हतं. तुला असं रिकाम्या हाताने बसलेली मी दादा गेला तेव्हासुद्धा बघितली नव्हती. मी जवळ बसले. मग तू बोललीस.

"वन्सं, माजे कान गेले ता गेले. पण मग पाय कशाला काडून घेतायत?"

तू त्या चढणीने वर गेली नाहीस तर तुझं काय उरणार होतं, ते आपल्या दोघींनाही माहीत होतं. डोंबिवलीच्या घरातली एक खाट आणि टीव्हीचा आवाज वाढवण्यावरून रोजची कुरबुर. नितीन वाईट नाही, सूनही नाही. पण तू तिथे पाहुणी झाली असतीस, आणि पाहुणी होणं तुला कधी जमलं नाही.

मी घरी गेले आणि मोबाइलवरून काटा मागवला. आयटीआयत पहिल्याच तासाला पोरांना मी सांगायचे, तारेत करंट आहे का ते हात लावून बघायचं नसतं, मीटर लावायचा असतो. जे कळत नाही ते मोजावं. इतकी साधी गोष्ट, आणि ती घरातल्या माणसाच्या बाबतीत सुचायला मला जीप गडग्याला टेकावी लागली.

काटा घेऊन आले, तर तू काय तो तमाशा केलास! मना कान द्या, काटा कशाला देता. रस्ता बघू की काटा बघू. शेवटी मी देवाच्या फळीवरची किल्ली उचलली आणि सरळ बॉनेट उघडलं. तेव्हा तू पायऱ्या उतरून आलीस, जीपला दुसऱ्या कुणी हात लावलेला तुला खपायचा नाही म्हणून.

खरं सांगू का, मीही घाबरले होते. माझी सगळी हयात घरांच्या भिंतीत गेलेली. घरात दोन तारा असतात, एक येते आणि एक जाते. जीपमध्ये एकच तार येते आणि परत जायला गाडीचं लोखंडच असतं. हे पुस्तकातलं मला पाठ होतं, पण हाताला त्याची सवय नव्हती. आजूबाजूच्या सगळ्यांनी आपापल्या जीपांना डिझेलची इंजिनं बसवून घेतली होती आणि तू हट्टाने पेट्रोलवरच राहिली होतीस, ते मात्र पथ्यावर पडलं. डिझेलला ठिणगी लागत नाही, मग काट्याने मोजायचं काय? आपल्या जीपला ठिणगी पाडणारी कॉइल होती. तिच्या एका टोकाला किल्लीकडून तार येते आणि दुसऱ्या टोकाची तार डिस्ट्रिब्यूटरकडे जाते. त्या दुसऱ्या टोकावर दर ठिणगीला एक ठोका पडतो. मीटरची हिरवी तार तिथे जोडली की ती ते ठोके मोजत बसते. मी तुला हे ओरडून समजावलं तेव्हा तू एवढंच विचारलंस, म्हणजे कान हिचा? मी म्हटलं, हो, कान हिचा आणि डोळा तुझा. मीटरच्या पाठीमागे एक बारीक खटका होता, इंजिनला सिलिंडर किती ते सांगायचा. मी विचारलं, तू चार बोटं दाखवलीस, मी तो चारवर केला. मग मीटरची काळी तार गाडीच्या अंगाला, लाल तार किल्ली फिरवली की करंट येतो त्या टोकाला, पांढरी मागाहून दिव्याला जोडायची. स्पीडोमीटरची केबल जिथून आत येते त्याच भोकातून मी सगळ्या तारा आत घेतल्या, मीटर स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला पट्टीने आवळला आणि मोठ्या ऐटीत तुला म्हटलं, मार सेल्फ.

जीप सुरू झाली. काटा ढिम्म.

ती दुपार आठवली की मला अजून घाम फुटतो. मी टेस्ट लॅम्पचा चिमटा काळ्या तारेच्या बोल्टला लावला आणि टोक लाल तारेला टेकवलं. दिवा लागेना. म्हणजे लाल तारेत करंट नाही. मी लाल तारेचं टोक बदललं. मग किल्लीचा स्विच खोलला. मग फ्यूज. मग मी दादाला दोष दिला, कारण त्याने कधीकाळी हॉर्नच्या तारा बदलल्या होत्या. तू पायरीवर बसून आमसुलं निवडत होतीस आणि मधून मधून माझ्याकडे बघत होतीस, ते बघणं मला मुळीच आवडत नव्हतं. निवृत्त झाले त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्यांनी मला शाल घातली होती. ती मला परत करावीशी वाटायला लागली.

शेवटी मी हात टेकले. बोटं काळी चिकट झाली होती. तू रॉकेलचं फडकं आणलंस, माझा हात धरलास, नाकाजवळ नेलास आणि विचारलंस, कशाला हात लावलात? मी काळ्या तारेचा बोल्ट दाखवला. तू तोंडावर पदर धरलास.

"वन्सं, ता माजं तेल हाय."

तुझे वडील खाडीत तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. तरीच्या लाकडाला खारं पाणी लागू नये म्हणून काजूच्या टरफलांचं काळं तेल ते वर्षातून एकदा चोपडायचे. तू त्या घरची लेक. पावसाळा तोंडावर आला की वाडीतले लोक घरावर माडाची झापं बांधायचे आणि तू जीपला आतून बाहेरून तेच तेल चोपडायचीस. इतकी वर्षं, थरावर थर. म्हणूनच आपल्या शेजारपाजारच्या गाड्या खाऱ्या वाऱ्याने चाळणी झाल्या आणि तुझी जीप तशीच्या तशी राहिली. पण त्या थरातून करंट कसला जातोय! बाकीचे दिवे चालत होते, कारण त्यांचे बोल्ट तेलाच्या आधीपासून आवळलेले होते. माझी काळी तार लोखंडाला लागलीच नव्हती. ती तुझ्या बापाच्या विद्येवर बसली होती. लाल तार बिचारी निर्दोष, आणि दादाही.

तू कोयता आणलास आणि त्याच्या टोकाने ती जागा खरवडायला बसलीस. मला हातसुद्धा लावू दिला नाहीस. खाली पांढरं लोखंड चमकलं, मी तार आवळली, तू सेल्फ मारलास, आणि काटा उडी मारून उभा राहिला.

तू पाय दाबलास, काटा चढला. सोडलास, उतरला. परत दाबलास. अंगणातल्या कोंबड्या पांगल्या, धूर पडवीभर झाला, तरी तू दाबत होतीस आणि सोडत होतीस. मी तुझ्याकडे बघितलं तर तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी काही विचारायच्या आधीच तू म्हणालीस, धुरानं. मग जरा वेळाने, इंजिन बंद करून, हळूच म्हणालीस, "माजी जीप बोलताना दिसली, वन्सं."

वहिनी, शिकवण्याच्या सगळ्या वर्षांत मला जेवढं यश मिळालं असेल नसेल, ते सगळं त्या एका वाक्यापुढे मला लहान वाटलं. मी तेव्हा तुला हे सांगायला हवं होतं. मी सांगितलं काय, तर पांढरी तार अजून राहिलीय.

पुढच्या रविवारी काटा नाचायला लागला होता, कारण मी हिरवी तार प्लगच्या जाड तारांना चिकटवून नेली होती. ती लांबून फिरवली आणि काटा शहाण्यासारखा वागू लागला. मग प्रश्न आला खुणांचा. आकडे वाचायला चष्मा लागतो आणि चष्म्यावर धूळ बसते, तेव्हा गिअर कुठे पाडायचा आणि कुठे चढवायचा ते एका नजरेत दिसायला हवं. तू माझ्या पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलंस आणि काचेवर दोन टिकल्या लावल्यास. खाली लाल, वर हिरवी. शेजारची सुलोचना बघत होती. ती म्हणाली, विधवेच्या गाडीला टिकल्या? तू म्हणालीस, मीटर सवाष्ण हाय. सुलोचना घरी गेली ती चार दिवस आली नाही. तेवढेच दिवस शांतता मिळाली, असं तूच म्हणालीस.

कापणी झालेल्या मळ्यात तू शिकायला लागलीस. इतकी वर्षं चढणीला पाणी पाजणारी बाई सपाट मळ्यात गोल गोल फिरतेय हे बघायला वाडी लोटली. पहिल्या दिवशी तू काट्याकडे बघितलंस आणि जीप बांधावर गेली. मग तुझ्या लक्षात आलं की काट्याकडे टक लावायची नसते, आरशात बघतो तसं नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं. मळा झाला, मग पहिलं वळण झालं. दुसरं वळण तू मुद्दाम ठेवलंस. शिमग्याला नितीन येणार होता.

नितीन आला तो ठरवूनच आला होता. जीपला गिऱ्हाईक त्याने फोनवर बघून ठेवलं होतं. तू त्याला जेवायला वाढलंस, पालखी येऊन गेली, तिचं सगळं साग्रसंगीत झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्याला म्हणालीस की वर राखणीच्या खोपीला चिरे न्यायचेत, भर. तो हसला. पण भरायला लागला आणि भरतच गेला. मला दिसत होतं, तो नेहमीपेक्षा जास्त भरत होता. तुलाही दिसत होतं. मग तू त्याला शेजारी बसवलंस आणि मला मागे, चिऱ्यांवर.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी वर आभाळ दिसायला लागलं आणि नितीनने पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरला. मी मागून मीटरची काच बघत होते. काटा घसरत होता, घसरत होता, लाल टिकलीला लागला आणि त्याच क्षणी तुझा हात खाली गेला. गिअर असा पडला की चिऱ्यावर चिरा वाजला नाही. जीपने मान वर केली आणि चढली. मी ओरडले. तुला ऐकू आलं नाही, बरं झालं, फार विचित्र ओरडले होते.

वर पोचल्यावर नितीनने एकेक चिरा स्वतः खाली उतरवला. मग येऊन म्हणाला, आई, उतरताना मी चालवू? तू म्हणालीस, न्हाय. नंतर पालखीबरोबर घरोघर फिरताना तो प्रत्येक घरात तुझीच गोष्ट सांगत होता. गिऱ्हाईकाचा फोन आला तेव्हा त्याने तुझ्याकडून शिकलेलंच उत्तर दिलं. ऐकू येत नाही, ठेवतो.

त्या हंगामात तू सगळे आंबे स्वतः खाली आणलेस. आणि याही हंगामात. या हंगामातलंच आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते आता मला एकटीलाच पुढे चालवायला लागणार. एका रविवारी मी आले, तू पेट्या घेऊन खाली आलीस, आणि मी बघितलं तर काटा शून्यावर पडलेला. धक्क्यांनी हिरवी तार कॉइलवरून निसटली होती. मी विचारलं, कधीपासून बंद आहे? तू म्हणालीस, शुक्रवारपासून. दोन दिवस तू काट्याशिवाय वर-खाली करत होतीस! म्हणे, हात गिअरच्या दांड्यावर ठेवला की तळव्याला कळतं. मी म्हटलं, बघ, काट्याने तुला शिकवलं. तुझ्या तळव्याला आकडे त्याने दिले. तू म्हणालीस, छट, तळव्याला आधीपासून कळत होतं, काट्यानं नुसती साक्ष दिली. आपण पेट्या उतरवताना भांडलो, जेवताना भांडलो, मी निघाले तेव्हा खाडीच्या पुलापर्यंत सोडायला आलीस आणि तिथेही भांडलो. तू म्हणालीस, पुढल्या रविवारी सांगते. मी तार घट्ट करून आले होते, ती तुला नको असेल तर काढून टाक म्हटलं. तू काढली नाहीस. हा माझ्या बाजूचा पुरावा आहे आणि मी तो सोडणार नाही.

एक गोष्ट मात्र भांडणात कधी आली नाही. दादा गेला तेव्हा लग्न न झालेल्या नणंदेचं काय होणार यावर सगळी भावकी बोलत होती. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, वन्संची खोली वन्संची हाय, आणि विषय मिटवलास. नंतर तो पुन्हा कधी काढलाही नाहीस. मी रत्नागिरीत राहिले, नोकरी केली, पण दर रविवारी खाडी ओलांडून आले. तुला वाटायचं मी जीपसाठी येते, निदान तू तसं म्हणायचीस. मी तुझ्यासाठी यायचे. तुझ्याइतकं मला कुणी हसवलं नाही आणि तुझ्याइतकं मी कुणाशी भांडले नाही. माझं माहेर तू होतीस.

पुढल्या रविवारच्या आधीच तू गेलीस. शेवटच्या पेट्या खाली आणल्यास, जेवलीस, पडवीत आडवी झालीस आणि उठली नाहीस. सुलोचनाने हाक मारली. तुला ऐकू आलं नाही असं समजून ती परत गेली. असं जाणं फक्त तुलाच जमणार होतं.

नितीन सकाळी पोचला. अंगणात मंडळी जमली, तिरडी बांधून झाली, आणि मग तो म्हणाला, आईला जीपमधून न्यायचं. वाडीचं स्मशान वर, सड्याच्या कडेला. भावकीतले तात्या म्हणाले, आपल्यात खांद्यावरून नेतात. नितीन म्हणाला, आईनेच सांगून ठेवलंय. आणि ते खरं होतं. माझ्या वडिलांना नेताना माणसं दमली आणि त्या चढणीत दोनदा खाली ठेवलं, ते तुला सून म्हणून फार लागलं होतं. तू आम्हा दोघांनाही बजावलं होतंस, मना वाटेत ठेवू नका. तात्यांनी मान डोलावली.

मग नितीन माझ्याकडे वळला. आत्या, तू पुढे बस.

आपल्याकडे बायका उंबऱ्यापर्यंतच जातात. आईला नेलं तेव्हा मी उंबऱ्यावर उभी होते, दादाला नेलं तेव्हा तू आणि मी दोघी उभ्या होतो. तात्या हळू आवाजात म्हणाले, बाईमाणसाचं तिकडं काय काम? त्यांचा राग नव्हता, त्यांना खरंच प्रश्न पडला होता. नितीनचे डोळे सुजले होते. त्याने आदल्या संध्याकाळपासून अन्नाला हात लावला नव्हता.

"मला आज काही ऐकू येत नाहीये, तात्या. कानात नुसतं घुमतंय. आत्या मीटर वाचेल. ती नसेल तर मी चढण चढवू शकत नाही."

तात्यांनीच पुढचं दार उघडून धरलं. मी चपला काढल्या आणि बसले.

तुला मागे ठेवलं होतं. चौघे कडेने धरून बसले होते, बाकीचे मागून चालत होते. नितीनने सेल्फ मारला. मी आकडे वाचायला लागले. माझा आवाज वर्गात असायचा तसा खणखणीत लागला, याचं मलाच आश्चर्य वाटलं. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला त्याला समोरचं धड दिसत नव्हतं, तो एका हाताने डोळे पुसत होता. मी म्हणत होते, दोन हजार, अठराशे, घसरतोय, तयार राहा, सोळाशे, आता. त्याने गिअर पाडला. जीपला धक्कासुद्धा बसला नाही. आमच्यासमोर आभाळ आलं, आणि मग कलमं.

सपाटीवर पोचून नितीनने जीप थांबवली आणि डोकं स्टिअरिंगवर टेकलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. बऱ्याच वेळाने तात्या धापा टाकत वर आले, जीपच्या कडेला हात टेकून उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "खय थांबलात न्हाय व्हय?"

नाही, वहिनी. कुठेच थांबलो नाही.